‘अंतिम’ नावाची फाइल

आमच्या ढालीच्या उजव्या कडेला एक पोचा आहे. लांबी अडीच सेंटिमीटर, खोली जेमतेम तीन मिलिमीटर. तो २००३ साली बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर पडला आणि ढाल तेव्हा दामिनीच्या हातात होती. दामिनी म्हणते, ढाल अकोल्याकडे असतानाच तो पडला. पण माझ्याकडे तारीख आहे, फोटो आहे, फोटोचा क्रमांकही आहे. मी नोंदींत चूक करत नाही! तेहतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण एकाही बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागू दिली नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ एका चिठ्ठीनंच केला.

शिकवण्याखेरीज मी एकच काम केलं. आमच्या भागातल्या बायकांचे फोटो काढले. लग्नातले नाहीत, खेळतानाचे, नाचतानाचे, पळतानाचे. दर्यापूरची खो-खो, चांदूर रेल्वेचं लेझीम, शाळेच्या मैदानावरची आयांची संगीत खुर्ची. काम सोपं नाही. एरवी वाघिणीसारखी झेप घेणारी बाई कॅमेरा दिसला की थबकते, पदर सारखा करते आणि रेशनकार्डावरच्यासारखा चेहरा करून उभी राहते. म्हणून मी खांबामागून, सतरंजीच्या गठ्ठ्यामागून, एकदा तर ऊसरसाच्या गाडीमागून फोटो काढलेत.

निवृत्त झाल्यावर मी सगळ्या फिल्म स्कॅन करून संगणकात भरल्या. अकोल्याच्या महिला मंडळाला ते कळलं. अध्यक्ष पार्बताबाईंचा फोन आला, “जानेवारीत मेळावा हाये. तुमच्या फोटोंचं प्रदर्शन लावू. स्टेजमागं मोठा फ्लेक्स, दहा बाय आठ!”

फ्लेक्ससाठी मी लेझीमचा फोटो निवडला. चाळीस बायका, चाळीस हात वर. पेनड्राइव्हवर सगळा संच भरून अमरावतीच्या अमोल फ्लेक्सवाल्याकडे दिला आणि म्हटलं, “लेझीमच्या तीन फोटोंतला जो मोठा करून चांगला दिसेल तो छाप. वर नाव टाक, ‘मैदानातल्या मैत्रिणी’.”

“मॅडम, टेन्शनच घेऊ नका,” अमोल म्हणाला.

मी घेतलं नाही. इथेच चुकलं.

आता ढालीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

डिसेंबर १९८७. अकोल्याचं मैदान, मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना, आमचं अमरावतीचं कॉलेज विरुद्ध अकोल्याचं. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी फोटो काढायला गेले होते, गळ्यात कॉलेजचा कॅमेरा. ठरलेला रेषापंच आलाच नाही. त्याची बस वाटेत बंद पडली. रेषेवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं. आमचे सर म्हणाले, “ही पौर्णिमा सायन्सची पोरगी आहे. खोटं बोलणार नाही.” अकोल्यानंही मान डोलावली. एवढ्या विश्वासानं मला पुन्हा कोणी काही दिलेलं आठवत नाही.

गुण एकवीस-एकवीस. शेवटची चढाई. आमची दामिनी गेली. दामिनी चढाईला गेली की समोरच्या सातजणी भिंतीवरच्या पालीसारख्या मागे सरकायच्या. पण डाव्या कोपऱ्यात जयवंता होती. चवळीच्या शेंगेसारखी, दिसायला काहीच नाही. तिनं सूर मारला आणि दामिनीचा घोटा धरला. दामिनी आडवी झाली, कबड्डी-कबड्डी म्हणत सरपटली, मध्यरेषेकडे हात लांबवला. वर सहाजणी पडल्या. धूळ! आरडाओरडा! हात रेषेला लागला असेल तर जयवंता बाद आणि ढाल आमची. नसेल तर दामिनी बाद आणि ढाल त्यांची.

पंचांना धुळीशिवाय काही दिसलं नाही. ते माझ्याकडे वळले. “रेषापंच?”

त्या कॅमेऱ्याचं असं होतं की बटण दाबलं की आतला आरसा वर उडायचा आणि नेमक्या त्या क्षणी बघणाऱ्याला काळोख दिसायचा. तेवढ्या गर्दीत तो क्षण एकट्या कॅमेऱ्यानं पाहिला होता.

“सर, मी फोटो काढत होते.”

हशा, शिट्ट्या, शिव्या. पंचांनी कपाळाला हात लावला. “फोटोत आलं असेल?”

“शक्यता आहे, सर.”

“मग धुवून आणा. निर्णय राखून ठेवला!”

रविवारी मी प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली. सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं शटर, चार वाजताचं स्वच्छ ऊन. हात अगदी रेखीव आला होता, फक्कीची रेषाही. काय दिसलं ते मला त्याच दिवशी कळलं. तुम्ही थोडं थांबा, बाकीच्या अडतीस वर्षं थांबल्यात.

सोमवारी सरांनी विचारलं, “फोटो?”

“हायपो संपलाय, सर.”

फिल्म पक्की करायचं ते रसायन खरंच संपलं होतं. शेवटचं याच फिल्मला वापरलं होतं, पण ते सरांनी विचारलं नाही. मी खोटं बोलत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते.

भीती होती, दुसरं काही नाही. अमरावतीच्या बाजूनं बोलले असते तर अकोल्याच्या म्हणाल्या असत्या, मैत्रिणीचीच ना! अकोल्याच्या बाजूनं बोलले असते तर दामिनीनं मला परतीच्या गाडीत बसू दिलं नसतं. पुढे सरांची बदली झाली. जाताना ते म्हणाले, “हायपो येईल तेव्हा बघू, तोवर ढाल वर्षावर्षानं वाटून घ्या.” तो ‘तोवर’ अजून चालू आहे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ढाल बदलायची, तीही मूर्तिजापूर स्टेशनवर, कारण ते दोघींच्या मध्ये. आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजरनं जायचो, त्या अकोल्याहून यायच्या. बाकावर उरलेला फराळ उघडायचा. आमच्या करंज्या, त्यांचा चिवडा, दामिनीचं वांग्याचं भरीत. पहिली काही वर्षं भांडणं झाली, “लागला व्हता!” “नव्हता लागला!” मग मांडीवर लेकरं आली आणि भांडायला हात मोकळे राहिले नाहीत. मग लेकरांच्या दहाव्या-बारावीचे निकाल, मग त्यांची लग्नं, मग गुडघे. शेजारच्या लायनीवर शकुंतला, ती नॅरोगेजची छोटी गाडी, उभी असायची. ती बंद झाली, आमची ढाल चालू राहिली. दरवर्षीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी नाही. चौदाजणींपैकी आता नऊजणी येतात.

म्हणून मी बोलले नाही. आधी भीतीनं, मग या बाकासाठी. निकाल लागला असता की ढाल एका गावातल्या कपाटात जाऊन बसली असती आणि आम्ही आपापल्या.

मेळाव्याचा दिवस आला. अकोल्यातलं मंगल कार्यालय, दुपारचे तीन. फ्लेक्स एस.टी.नं थेट तिथेच आला होता. मी पोचले तेव्हा दोघं शिडीवर चढून तो सोडत होते. आधी ‘मैदानातल्या मैत्रिणी’ आलं. मग धूळ. मग दामिनीचं उघडं तोंड, चार फूट रुंद!

मी बाहेर पळून अमोलला फोन लावला.

“अमोल! मी लेझीम सांगितलं होतं!”

“हो ना मॅडम. लेझीम एक, लेझीम दोन, लेझीम तीन पाह्यले. अन् खाली ‘अंतिम’ लिहेल व्हतं. म्या म्हटलं, मॅडमचं काम लय पक्कं! तीन ट्राय मारले अन् चौथा फायनल केला. छापला!”

अंतिम. म्हणजे अंतिम सामना. ‘सामना’ ही तीन अक्षरं लिहायचा मी कंटाळा केला होता.

आत परतले तर दोन्ही गावांच्या नऊजणी फ्लेक्ससमोर उभ्या. जयवंता चष्मा पुसत हळूच म्हणाली, “हे मी हाये.” आणि फ्लेक्सवरच्या बारीक मुलीकडे अशी बघत राहिली जशी ती दुसऱ्याच कोणाची लेक.

दामिनी माझ्याकडे वळली. “अवं माय! हा तं तोच फोटो! काहून वो पौर्णी, फिल्म धुतली नाई म्हनली व्हती ना तू?”

“मी म्हणाले होते, हायपो संपलाय.”

“अडतीस वर्षं?”



मग एकदम सगळ्या पुढे सरसावल्या. “हात पाहा, हात!” “रेषा कोठी हाये?” “चष्मा दे वो तुहा!” हात मनगटापर्यंत स्पष्ट होता. त्याच्या पुढे, नेमका पंजा आणि रेषा जिथे असणार तिथे, झेंडूच्या गोल माळेत पार्बताबाई हसत होत्या! अमोलनं अध्यक्षांचा फोटो टाकायला तेवढीच मोकळी जागा हेरली होती.

“हात पार्बताबाईच्या मागं हाये!” अकोल्याची एक ओरडली आणि कोपऱ्यात नख घालून गोल उचकटायला लागली. तो चिकटवलेला नाही, छापलेला आहे, असं मी दोनदा सांगितलं. दुसरीनं ओला रुमाल आणला. तिसरी फ्लेक्सच्या मागे जाऊन पंजा तिकडून दिसतो का बघून आली.

तेवढ्यात माइकवरून आवाज आला, “कोन हाये ते? माह्या गालावर नखं मारून राह्यलं ते?”

खऱ्या पार्बताबाई स्टेजवर येऊन पोचल्या होत्या.

“ताई, जरा सरका!” दामिनी म्हणाली.

“मी इकडे हावो, तिकडून कशी सरकू?”

पडद्याआड लेझीमच्या मुली नऊवारी नेसून कधीच्या एका पायावर उभ्या होत्या. पार्बताबाई “बायांनो, दीपप्रज्वलन!” म्हणत होत्या. कोणाला दिवा दिसत नव्हता. दामिनीनं अमोलचा नंबर माझ्या हातातल्या मोबाईलवरून वाचला आणि स्वतःच्या मोबाईलवरून त्याला फोन लावला. “ओ भाऊ, बाईचं तोंड नसलेला फोटो धाड!”

“कोणती बाई? सगळ्याच बाया हायेत त्याच्यात,” अमोल म्हणाला. पण त्यानं धाडला.

नऊ डोकी एका मोबाईलवर वाकली. दामिनीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

“लागला! हे पाहा, बोट रेषेवर!”

“कोणती रेषा? ते तं तुह्या मोबाईलची काच फुटली हाये!”

“काच खालून वर गेली. हे आडवी हाये, हे मैदानाची.”

“मोबाईल आडवा कर म्हंजे उभी होईन!”

“अन् माहा दम चालू व्हता, तोंड पाहा किती उघडं हाये!”

“तोंड तं तुहं नेहमीच उघडं राह्यते! फोटोत आवाज येते का?”

आमच्या अमरावतीच्या सगळ्यांना हात लागलेला दिसला. अकोल्याच्या सगळ्यांना नाही दिसला. अडतीस वर्षांपूर्वीचा आवाज, तेच शब्द, फक्त मध्येमध्ये धाप. मला कॅमेरा काढावासा वाटला, खरं सांगते. कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या साठीच्या कबड्डीपटू. एकीनंही पदर सारखा केला नव्हता. पण सामन्याच्या दिवशीही मी कॅमेऱ्यामागेच होते, आणि कशामुळे काय झालं हे मला आठवलं.

जयवंता भांडत नव्हती. ती स्टेजच्या पायरीवर बसली होती. गलका थोडा ओसरल्यावर ती म्हणाली, “पौर्णिमा, इकडे ये वो.”

मी गेले.

“फोटो राहू दे. माह्या डोळ्याले दिसत नाई, यायच्या मनाले दिसत नाई. तू पंच व्हती. तुले मालूम हाये का?”

विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची माझी सवय. “हो,” मी म्हणाले.

दामिनी मोबाईल छातीशी धरून वळली.

“कधीपासून?”

“सामन्यानंतरच्या रविवारपासून.”

“मंग बोलली काहून नाई?”

“बोलले असते तर मूर्तिजापूर बंद झालं असतं.” हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होते आणि ऐकायला ते फारच बावळट वाटलं.

जयवंतानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “त्या सामन्यानंतर तीन आठवड्यांनी माहं लग्न झालं. सासरी मैदान नव्हतं, अन् असतं तरी कोन जाऊ देत होतं. मी आयुष्यात शेवटची पकड केली ते हिच्या घोट्याची. ते लागली का सुटली, हे मले कोनीच सांगितलं नाई. मूर्तिजापूरला मी ढालीसाठी येत नव्हती वो. एखाद्या वर्षी तू सांगशीन म्हणून येत व्हती.”

अडतीस वर्षं मी तिच्या हातचा चिवडा खाल्ला असेल. आणि मी नोंदींत चूक करत नाही म्हणते!

मी दामिनीकडे पाहिलं. ती माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, “मले काय पाह्यतं? मैदानात व्हती का मी तुही मैत्रीण? सांग तिले.”

“हे बघा,” मी सुरुवात केली, “फिल्मवरचं अंतर आणि प्रत्यक्षातलं अंतर यांचं गुणोत्तर काढताना मी दामिनीच्या तळहाताची लांबी प्रमाण धरली. ती सतरा सेंटिमीटर. त्यात दोन-तीन टक्के कमी-जास्त होऊ शकतं, शिवाय कॅमेऱ्याचा कोन जरासा...”

“पौर्णी!” दामिनी ओरडली. “प्रॅक्टिकल नको घेऊ! निकाल सांग!”

पार्बताबाईंनी माइक माझ्या तोंडाशी आणून धरला. त्यांनाही आता राहवत नव्हतं. पडद्याआडून लेझीमच्या मुलींची डोकी बाहेर आली होती. जयवंता पायरीवरून उठून उभी राहिली, गुडघ्यावर हात टेकत, पण सरळ.

मी घसा साफ केला. तो माइकवर ट्रॅक्टर चालू व्हावा तसा ऐकू गेला.

“रेषा चार बोटं लांब राहिली होती, जयवंता,” मी म्हणाले. “तुझी पकड सुटली नाही. दामिनी बाद.”