सोळा रेनकोटांचे भाऊसाहेब

कांबळे भाऊसाहेब माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, रेनकोटावरून ओळखतात. बारा वर्षांपूर्वी मी या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा जुलै होता आणि मी नखशिखान्त भिजले होते. ऑफिसात जाऊन रेनकोट खुर्चीवर टाकला, तर समोरचे हेडक्लार्क, म्हणजे हेच भाऊसाहेब, उठले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या नव्याकोऱ्या रेनकोटाची बाही उलटी करून आतली शिवण पाहिली आणि कुणाच्या तरी घरची वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "मॅडम, ह्यो रेनकोट न्हाय. ही पिशवी हाय." माझं नेमणुकीचं पत्र त्यांनी त्यानंतर वाचलं.

मला राग आला होता, हे कबूल करते. पण पिशवी ती होतीच.

भाऊसाहेब राहतात कागलला. रोज स्कूटरवरून हायवेनं कोल्हापूरला शाळेत येतात आणि बाराही महिने त्यांच्या डिकीत रेनकोट असतो. बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारातून घरी आले की घरातले सगळे रेनकोट बाहेर निघतात आणि अंगणातल्या सावलीत दोरीवर चढतात. पावसाला अजून वेळ असतो. पण भाऊसाहेबांच्या मते पाऊस आल्यावर रेनकोट बघणारा आणि तहान लागल्यावर विहीर खणणारा ही एकाच आईची लेकरं. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "लोकांत सणाला खीर असती. आमच्यात खीर बी असती आन् दोरीवर पंधरा बिनमुंडक्याची माणसं बी."

आमचे पी.टी.चे पाटील सर म्हणजे भाऊसाहेबांचे जुने दोस्त आणि तितकेच जुने शत्रू. सरांनी एकदा ट्रेकिंगचं महागडं जॅकेट घेतलं. ते त्यांच्या घरी सोड्यात भिजवून, दगडावर ब्रशनं घासून, पत्र्यावर कडक उन्हात वाळवण्यात आलं. पहिल्याच पावसात सर जॅकेटच्या आत भिजले आणि तणतणत ऑफिसात आले. भाऊसाहेबांनी जॅकेट मांडीवर घेतलं, आणि आतून हात फिरवला.

"आतलं पानी अडवायचं सारवण काढलंसा की सगळं," ते म्हणाले. "रेनकोटाला ब्रश न्हाय, सोडा न्हाय, ऊन न्हाय. कोमट पानी, मऊ फडकं आन् सावली. बाळंतिणीगत जपाय पायजे त्याला."

"मग मी त्यो अंगात घालू, का त्याला डिंकाचं लाडू खायला घालू?" पाटील सर म्हणाले.

भाऊसाहेबांनी ते जॅकेट महिनाभर स्वतःकडे ठेवलं. शिवणींवर आतून पट्टी लावली, वर सुती फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवली, चेन अडकू नये म्हणून तिच्यावर मेणबत्ती घासली. पुढं तीन पावसाळे सर तेच जॅकेट घालत होते आणि कुणी विचारलं तर "कापडच चांगलं हाय" म्हणून सांगत होते.

रेनकोटाच्या खरेदीला भाऊसाहेबांबरोबर जाणं ही तर शिक्षाच. मी एकदाच गेले, शाहूपुरीत. दुकानदारानं चार रेनकोट पुढ्यात टाकले. मी रंग बघत होते. भाऊसाहेबांनी पहिला उलटा केला, खांद्याची शिवण ओठांना लावली, जोरात फुंकर मारली आणि पलीकडून हात धरून वारा लागतो का ते पाहिलं. मग दुसरा. मग तिसरा. दुकानात माणसं जमली.

"पावणं, रेनकोट घ्यायला आलायसा का बासरी वाजवायला?" दुकानदार म्हणाला.

"जिकडनं वारं जातंय, तिकडनं पानी बी जातंय," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "माळ्यावरचा काढा."

माळ्यावरचा निघाला आणि तो मी अजून वापरते. रंग तेवढा शेवाळी आहे. आम्ही निघालो तेव्हा दुकानदार स्वतःच एकेक रेनकोट तोंडाला लावून फुंकत होता, असं भाऊसाहेब सांगतात. मी तोवर लाजून रस्त्यावर जाऊन उभी राहिले होते.

आता एका मॅचविषयी. आमच्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ आहे. शालेय स्पर्धा ऐन पावसात होतात आणि मुलींबरोबर एक शिक्षिका लागते, म्हणून मी जाते. सलग दोन वर्षं आम्ही फायनलला दुसऱ्या हाफमध्ये हरलो होतो. पाटील सर म्हणत, दम कमी पडतो. भाऊसाहेब म्हणत, आपण मैदानावर हरत नाही, बाकावर हरतो.

"खेळणारं भिजलं तर काय हुतंय? पळून पळून अंग ऊन ऱ्हातंय," ते एकदा मधल्या सुट्टीत म्हणाले. "बसल्यालं भिजलं की गारठतंय. आन् तुमी त्यालाच शेवटच्या धा मिनटाला उठवून म्हंतासा, जा, मॅच काढ."

"फुटबॉल हाय भाऊसाहेब, लगीन न्हवं. खेळाडूनं भिजायलाच पायजे," पाटील सर म्हणाले.

शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली. भाऊसाहेबांनी सगळ्या संघाला रेनकोट पुरवायचे. पण यंदाही हरलो, तर शाळेच्या आवारात त्यांनी रेनकोट हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. भाऊसाहेब कबूल झाले. ज्या माणसाला दुसरं काही बोलताच येत नाही, त्यानं असली पैज घ्यावी, याची मला भीतीच वाटली.

महिनाभर त्यांनी कागलपासून कोल्हापूरपर्यंत लोकांच्या माळ्यांवर पडलेले जुने रेनकोट गोळा केले. एक दूधवाल्याचा होता, एक वॉचमनचा, एक गुलाबी, फुलाफुलांचा. प्रत्येकाला पट्टी, प्रत्येकाला इस्त्री, प्रत्येकाला फुंकर. असे सोळा तयार झाले, अकरा खेळणाऱ्यांचे आणि पाच एक्स्ट्रांचे.

त्या पाचांत नववीतली सानिका होती, आमची दुसरी गोलकीपर. दोन वर्षं ती बाकावर बसून होती. एका मिनिटासाठीही तिला कुणी उतरवलं नव्हतं. संघ सोडते, अशी चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा भाऊसाहेब तिथंच होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "फायनल झाल्यावर घिऊन ये. तवर माप दे." तिचा रेनकोट त्यांनी सगळ्यांच्या आधी दुरुस्त केला.

फायनलच्या दिवशी आभाळ फाटलं होतं. आमच्या सोळा जणी सोळा तऱ्हेच्या रेनकोटांत मैदानाकडे निघाल्या आणि बघ्यांमध्ये हशा पिकला. "बोहारणीचं दुकान आलं रं," कुणीतरी ओरडलं. मुलींनी माना खाली घातल्या. भाऊसाहेबांनी घातली नाही.

खेळ सुरू झाला. समोरच्या संघाच्या एक्स्ट्रा मुली दोन छत्र्यांखाली कुडकुडत होत्या. आमच्या पाच जणी रेनकोटांत बसल्या होत्या आणि भाऊसाहेब दर दहा मिनिटांनी बाकावरून फिरत प्रत्येकीला विचारत होते, "मनगाट ऊन हाय का?" सानिकाचे ग्लोव्ह्ज त्यांनी स्वतःच्या रेनकोटाच्या आतल्या खिशात ठेवले होते आणि अंड्यांवरच्या कोंबडीसारखे ते जपत होते.

दुसऱ्या हाफमध्ये आमची गोलकीपर चिखलात घसरली आणि तिच्या बोटाला दुखापत झाली. गोल शून्य-शून्य. पाटील सरांनी बाकाकडे पाहिलं आणि मॅच गेली, हे मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं. भाऊसाहेबांनी सानिकाचा रेनकोट उतरवून घेतला, कोरडे ग्लोव्ह्ज तिच्या हातांत चढवले आणि एवढंच म्हणाले, "ऊन ऊन हाईस. जा."

सानिकानं उरलेला वेळ खिंड लढवली आणि मॅच पेनल्टीवर गेली. चार-चार किक झाल्या तेव्हा बरोबरी होती. आमची पाचवी आत गेली. आता त्यांची शेवटची. ती मारायला एक उंच मुलगी आली. तिच्या पायाची सगळ्या स्पर्धेत चर्चा होती. घोटा दुखतो म्हणून तिला तासभर बाकावर बसवून ठेवलं होतं आणि खास पेनल्टीसाठी शेवटच्या मिनिटाला उतरवलं होतं. ती चेंडूपाशी उभी राहिली तेव्हा तिचे गुडघे गारठ्यानं थरथरत होते, ते मला लांबूनही दिसलं. चेंडू कसाबसा घरंगळत आला आणि सानिका त्याच्यावर पडली.

मग काय विचारता. बारा वर्षं वर्गात शिस्त लावणारी मी चिखलात नाचले. पाटील सरांनी गोलपोस्टला मिठी मारली. मुलींनी सानिकाला उचललं, पाडलं आणि पुन्हा उचललं. ज्यांनी बोहारीण म्हणून हिणवलं होतं तेच आता शिट्ट्या वाजवत होते. भानावर आल्यावर मी भाऊसाहेबांना शोधलं, तर ते समोरच्या बाकापाशी होते. ती उंच मुलगी हमसून हमसून रडत होती आणि ते सानिकाचा रेनकोट तिच्या खांद्यांवर घालून वरचं बटण लावत होते.

"पोरी, चूक तुझी न्हवं," ते तिला सांगत होते. "बाकाची हाय."

तेवढ्यात फोटोवाला आला. "खेळल्याल्या अकराच जणी या," तो म्हणाला.

"सोळा हाईत," भाऊसाहेब लांबूनच म्हणाले.

"सोळा मावत न्हाईत काका."

"मग मागं सर की."

तो चिखलातून चार पावलं मागं सरला. सोळा जणी उभ्या राहिल्या. भाऊसाहेब मात्र मुलींचे रेनकोट हातावर गोळा करत फोटोवाल्याच्या पाठीमागं जाऊन थांबले. सानिकानं हाक मारली, तर म्हणाले, "वली हाईत ही, टांगाय पायजेत." मग तीच गेली आणि दंडाला धरून त्यांना ओढत घेऊन आली, अगदी मधोमध. रेनकोटांच्या ढिगाऱ्यातून त्यांचा चष्मा तेवढा वर दिसत होता.

परतताना गाडीत मुलींचा नुसता कल्ला चालला होता. "भाऊसाहेब, हरलो मी," पाटील सर म्हणाले. "पुढल्या साली मैदानाला बी एक शिवा." भाऊसाहेब हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते. पैज जिंकल्यावर माणूस असा गप्प का, म्हणून मी विचारलं.

"मी चार सीझन संघात हुतो मॅडम, तरुणपणी," ते म्हणाले. हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत कुणालाच नव्हतं. "एक्स्ट्रा. सगळ्यांची कापडं मांडीवर घिऊन बसायचो. ती भिजू नयेत म्हणून वर वाकायचो. एकदा बी उतरवलं न्हाय मला. दोनदा कप आला, दोनदा फोटो निघाला. मी कापडं घिऊन फोटोवाल्याच्या पाठीमागं."

माझे डोळे भरून आले. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फोटोवाला पुढनं कसा दिसतोय," ते म्हणाले, "ते आज कळलं."