शाखेचा कार्बन शून्यावर कसा आला

पृथ्वी तापत चालली आहे, यावर आता सर्वांचं एकमत झालेलं आहे. ती का तापते, यावर थोडे मतभेद आहेत. पण ती आपल्यामुळे तापत नाही, यावर पुन्हा सर्वांचं एकमत आहे.

अशा या एकमताच्या वातावरणात एका सुपरमार्केटच्या मुख्य कार्यालयानं सर्व शाखांना परिपत्रक पाठवलं. प्रत्येक शाखेनं वर्षभरात आपलं कार्बन उत्सर्जन तीस टक्क्यांनी घटवावं. विक्री मात्र वाढवावी. (परिपत्रक जाड चकचकीत कागदावर चार रंगांत छापलेलं होतं आणि तीन कुरिअरनी आलं: एकात परिपत्रक, दुसऱ्यात त्याची प्रत, तिसऱ्यात कागद वाचवण्याचं आवाहन.)

नाक्यावरच्या शाखेच्या मॅनेजरनं ते दोनदा वाचलं. कार्बन म्हटलं की त्याला कार्बन पेपर आठवायचा, आणि तो वापरणं त्यानं कधीच बंद केलं होतं. तेव्हा आपली शाखा मुळातच निष्पाप आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माणूस मनानं सरळ. गारठलेलं गिऱ्हाईक भराभर चालतं आणि भराभर चालणारं गिऱ्हाईक भराभर खरेदी करतं, असा त्याचा एक सिद्धांत होता, आणि त्या सिद्धांतापायी दुकानात बारा महिने हिवाळा असे. नोकरमाणसं त्याला पाठीमागे ‘थंडोबा’ म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते थोडं आवडायचंही.

पंधरवड्यात मुख्य कार्यालयातून ऊर्जा तपासनीस बाई आल्या. हातात एक यंत्र, गळ्यात ओळखपत्र. दुकानभर फिरून त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या.

“हे फ्रीज उघडे का?”

“गिऱ्हाइकाला माल दिसायला हवा, बाई.”

“थंडी बाहेर पडते त्यातून.”

“पडते ना. पण फ्रीजच्या मोटरी मागून गरम हवा सोडतात. मग दुकान तापतं.”

“म्हणून वर एसी?”

“म्हणून वर एसी.”

“आणि त्या काउंटरखाली हीटर कशाला आहे?”

“एसीमुळे मावशींचे गुडघे गारठतात.”

मावशी म्हणजे पहिल्या काउंटरवर बसणाऱ्या कॅशियर. शाखा उघडल्यापासून त्या तिथे होत्या, आणि शाल पांघरून भर उन्हाळ्यात हिशेब करायच्या. त्यांनी नाव निघाल्यावर मान वर केली, “गुडघे म्हणजे माझेच बरं का,” असं बाईंना सांगितलं आणि पुन्हा मोड मोजायला लागल्या.

बाईंनी चष्मा काढून पुसला. तेवढ्या वेळात मॅनेजरला आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं. म्हणजे इतकी वर्षं आपण एका यंत्रानं माल गार करत होतो, दुसऱ्यानं पहिल्याची ऊब घालवत होतो आणि तिसऱ्यानं दुसऱ्याचा गारवा घालवत होतो. आणि तिघांचीही बिलं वेळेवर भरतो म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. त्यातच फ्रीजमधला वायू गळत असल्याचं निघालं. हा वायू धुरापेक्षा हजारो पटींनी वाईट असतो म्हणे. मॅनेजर तो नेमानं ‘किरकोळ दुरुस्ती’ या सदरात भरून घ्यायचा.

त्या संध्याकाळी घरी तो फ्रीजचं दार उघडून बराच वेळ उभा राहिला.

“काय शोधताय?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. बघतोय.”

“बघायचंच असेल तर खिडकीतून बघा. तिला वीज लागत नाही.”

मॅनेजर कामाला लागला तो अगदी मनापासून. एकदा पटलं की पटलं, असा त्याचा स्वभाव. (पटायला मात्र निवृत्ती जवळ यावी लागते.) वायूची गळती बुजवली. दिवे बदलले. एसी माणसांना सोसेल इतका केला. आणि सगळ्या फ्रीजना काचेची दारं बसवली. चमत्कारच झाला. दुकानातला हिवाळा संपला. मावशींनी शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि हीटर गोदामात गेला. विजेचं बिल इतकं उतरलं की मीटरमध्ये काही फेरफार केलाय का, हे पाहायला वीज कंपनीनं माणूस पाठवला. मॅनेजरनं त्या माणसाला स्वतः चहा पाजला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यावर चोरीचा संशय घेतला याचा त्याला अभिमान वाटला.

अडचण एकच राहिली, ती म्हणजे गिऱ्हाईक. माणूस काचेचं दार उघडू शकतो, हे शास्त्रानं सिद्ध केलेलं आहे. तो उघडेलच, हे केलेलं नाही. शेजारच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी चालत दूध न्यायला यायचे. ते दारापाशी येऊन थबकले.

“बंद आहे का हो?”

“नाही नाही, उघडा ना सर.”

“उघडलं की घ्यावंच लागेल?”

“तसं काही नाही.”

“मग बघू उद्या,” असं म्हणून ते बिस्किटं घेऊन गेले.

याउलट काही जण दार उघडायचे आणि त्याला पाठ टेकवून घरी फोन लावायचे: साधं लोणी आणू की बिनमिठाचं? घरात त्यावर एकमत होईपर्यंत समोरचं आईस्क्रीम पातळ व्हायचं. शाखेनं केलेल्या पाहणीनुसार शंभरातली चाळीस गिऱ्हाइकं दार उघडत नव्हती, चाळीस लावत नव्हती, आणि उरलेली वीस ‘पूर्वीचंच बरं होतं’ हे सांगायला मॅनेजरच्या केबिनमध्ये येत होती. (आत आल्यावर तेही दार लावत नसत.)

कार्बन घटला, पण तीस टक्क्यांनी नाही. विक्रीही घटली, आणि त्याबद्दल मात्र मुख्य कार्यालयातून लगेच फोन आला. मॅनेजर विचारात पडला. वर्षभराचा विजेचा आलेख समोर पसरून बसला असताना त्याच्या लक्षात आलं, की दुकानाला सणाची सुट्टी असते त्या दिवशी आलेख कसा खाली येऊन गुमान झोपलेला असतो. त्यानं तर्कशुद्ध प्रस्ताव लिहिला: आठवड्यातून एक दिवस शाखा बंद ठेवावी. लोक आदल्या दिवशी खरेदी करतील, विक्री तेवढीच राहील, कार्बन उतरेल. पाठवण्यापूर्वी त्यानं तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण फार हुशार माणसांच्या हातात देऊ नका.”

प्रस्ताव फार हुशार माणसांच्याच हातात गेला. त्यांनी त्यावर एक समिती नेमली. समिती विमानानं एका थंड प्रदेशात जाऊन विचार करून आली, आणि प्रस्तावात तिला एकच दोष आढळला: तो भित्रा होता. एक दिवस बंद ठेवून एवढी बचत होत असेल तर सातही दिवस का नको? यावर समितीचं एकमत झालं. शाखा कायमची बंद करण्याचा निर्णय झाला.

“साहेब, मी एक दिवस म्हटलं होतं,” मॅनेजर फोनवर म्हणाला.

“विनय पुरे हो आता,” वरचे साहेब म्हणाले. “कल्पना तुमचीच आहे. शंभर टक्के घट! अख्ख्या कंपनीत कुणाला जमलं नाही.”

“आणि माझी माणसं?”

“त्यांनाही श्रेय मिळेल ना. प्रमाणपत्रं छापायला दिली आहेत.”

मावशींना सांगायला तो स्वतः गेला. त्यांनी ऐकून घेतलं, गल्ल्याचा खण सावकाश बंद केला.

“साहेब, गुडघे आता अगदी बरे आहेत,” त्या म्हणाल्या. “फक्त त्यांना जायला जागा राहिली नाही.”

काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. “प्रमाणपत्र लॅमिनेट करून देतो,” असं तो म्हणाला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आंघोळ करताना ते वाक्य आठवून त्यानं स्वतःला शिव्या दिल्या. पुढे खूप खेटे घालून त्यानं त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाखेत जागा मिळवून दिली. दोन बस बदलून जावं लागे. तिथले फ्रीज उघडे होते. मावशींनी शाल पुन्हा काढली.

कंपनीच्या समारंभात मॅनेजरला काचेचं मानचिन्ह मिळणार होतं. मंचावर उभं राहून खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आरशासमोर तीनचार वेळा बोलूनही पाहिलं होतं. पण नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या, कुणीतरी ‘कार्बनमुक्तीचे शिल्पकार’ असं म्हणालं, आणि त्याच्या तोंडून फक्त “धन्यवाद” निघालं. सभागृहात एसी इतका कडक होता की त्याचे दात वाजत होते. लोकांना वाटलं, गहिवरलाय. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. खाली उतरेपर्यंत तो शून्य कार्बन विभागाचा प्रमुख झालेला होता.

त्यानंतरच्या रविवारी तो बायकोबरोबर मोठ्या शाखेत सामान आणायला निघाला. नाक्यावरचं दुकान नसल्यामुळे गाडी काढणं आलं. पार्किंगच्या अलीकडेच रांग लागली होती आणि रांगेत त्याची जुनी गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी होती, प्रत्येकजण आपापल्या गाडीत, काचा वर करून. शेजारच्या गाडीची काच खाली आली. आत मुख्याध्यापक होते.

“काय साहेब, पूर्वी मी चालत यायचो तुमच्याकडे!”

“हो ना सर.”

“आता एका दुधाच्या पिशवीसाठी एवढं लांब. बरं, हा सगळा धूर कंपनीच्या हिशेबात धरत असतील?”

“नाही. कंपनीचा शून्यच.”

“मग कुणाच्या?”

मॅनेजरला आता हे खातं तोंडपाठ होतं. “त्याला अहवालात वेगळा रकाना आहे, सर. ‘इतर’.”

“हां, इतर!” मुख्याध्यापकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग ठीक आहे. मला वाटलं, आमच्या नावावर टाकताय की काय.” आणि त्यांनी काच वर केली.

बायको मॅनेजरकडे बघत होती. तो पुढच्या गाडीच्या नंबराकडे बघत राहिला. त्यालाही त्या क्षणी हायसंच वाटलं होतं, आणि ते तिला दिसलं होतं.

हे ‘इतर’ नेमके कोण, याचा शोध विभागानं आता हाती घेतला आहे. कुणाला ते आढळल्यास नाव-पत्त्यासह कळवावं, असं जाहीर आवाहनही करण्यात आलं. प्रतिसाद उदंड मिळाला. जवळजवळ प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्याचं नाव कळवलं आहे. तुमचंही आलं आहे.