मालकाला पलंग हवा

मालकाची कंबर धरली ती नेमकी ऐन हंगामात. "आठवडाभर पलंग सोडायचा नाही," असं बजावून डॉक्टर जिना उतरतात न उतरतात तोच बायको वर आली.

"जरा उठता का?"

"का?"

"खाली गिऱ्हाईक आलंय. नवरा-बायको आणि तान्हं बाळ. पलंग लागेल."

मालक कण्हत उठून बसला. नाही कसं म्हणणार? या घराण्यात 'जागा नाही' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आजोबांनी दोन खाटांवर खानावळीसकट मुक्कामाची सोय सुरू केली. तिसरा पाहुणा आला तेव्हा त्याला आपली खाट दिली आणि स्वतः चुलीपाशी आडवे झाले. वडिलांनी वर मजला चढवला, दारावर हॉटेल अशी पाटी लावली, पण लग्नाच्याच रात्री आपली खोली एका प्रवाशाला देऊन टाकली. नवरा-नवरी झोपली चादरींच्या कोठीत, तीही आत्याच्या सोबतीने. मालकाचा जन्म त्यामुळेच लांबला, असं आत्या अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

"मग मी कोठीत झोपू?" मालकाने विचारलं.

"कोठीत सासूबाई आहेत. त्यांची खोली सकाळीच दिली."

आता मात्र मालकाचं डोकं फिरलं. कंबरेवर हात ठेवून तो तडक रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात शिरला. तिथल्या मालकाशी त्याचं जुनं वाकडं होतं.

"खोली आहे?"

"कुणाला, तुम्हाला?" समोरच्याने चष्मा पुसून पुन्हा घातला. "शेवटची एक आहे. या, या. तिसऱ्या पिढीत का होईना, पाय लागले."

टोमणा गिळून मालक वर गेला. पलंग मऊ होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो गिऱ्हाईक झाला होता आणि त्याला मनापासून बरं वाटत होतं. डोळा लागणार एवढ्यात खालून एक थकलेला आवाज आला.

"एकटाच आहे हो. कुठेही पडेन."

"जागा नाही, आजोबा."

मालकाने उशी कानावर घेतली. हॉटेल आपलं नाही, आपल्याला काय करायचंय? त्याने कूस बदलली. झोप काही येईना. शेवटी कण्हत, कठड्याला धरून तो खाली उतरला.

"आहे जागा," तो म्हणाला. "माझी खोली घ्या."

समोरच्या मालकाने कपाळाला हात लावला. म्हातारा मात्र संकोचला.

"अहो, तुम्हाला धड उभं राहवत नाही. तुम्ही कुठे झोपाल?"

"माझी काळजी सोडा. समोरचं हॉटेल माझंच आहे."

म्हाताऱ्याने दारातून समोर निरखून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला. पायाशी ठेवलेली पिशवी उचलून त्याने मालकाच्या हातात दिली.

"मग इथे कशाला? तुमच्याकडेच जाऊ की."

मालकाने तोंड उघडलं. काय म्हणायचं ते त्याने आत्ताच वरच्या खोलीत पडून ऐकलं होतं, अवघड काहीच नव्हतं.

"चला," तो म्हणाला.

दोघं रस्त्यावर उतरले तसा समोरचा मालक मागून ओरडला, "अहो, वरच्या खोलीचं काय करू?"

"कुणी आलं तर नाही म्हणू नका."