खवल्या मांजराचे भाडेकरू

भोयरजी आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा पाटावर बसण्याआधी त्यांनी आमच्या कुत्र्याचा कान उलटा केला, चिमट्याने एक गोचीड उपटली, शर्टाच्या खिशातल्या स्पिरिटच्या बाटलीत टाकली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, वाढा आता." हात त्यांनी स्वच्छ धुतले होते, पण त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका जनावरांच्या कॉलेजात मी कारकून होतो आणि भोयरजी प्रयोगशाळेत सहायक. कुठलंही मेलेलं जनावर आलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या आणि पोटातले जंत काढून बाटल्यांत भरायचे, हे त्यांचं काम. या मंडळींना ते भाडेकरू म्हणत. लोक एकमेकांची तब्येत विचारतात; हे विचारत, "भाडेकरू शांत हायेत ना?" बड्या साहेबांनाही विचारत. पंगतीत कोणी पाचवी जिलबी घेतली की त्याच्या पोटातल्या जंताची जात माझ्या कानात सांगत. लग्न राहूनच गेलं होतं. मुलगी बघायला गेले आणि तिच्या गोठ्यातच रमले, असं कॉलेजात सांगत. मला ते खरं वाटतं.

घुशीपासून वाघापर्यंत सगळ्यांचे भाडेकरू त्यांच्या कपाटात होते. नव्हते फक्त खवल्या मांजराचे. एकोणीस वर्षं ते त्याची वाट बघत होते.

एका दुपारी भिवापूरकडच्या वनरक्षकाने पोत्यातून ते आणलं. जिवंत, पण हाडं निघालेलं. खवल्यांच्या फटीफटीत गोचिड्या, पोटात जंत, आणि नाकातला शेंबूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात जंतूंचे ठिपकेच ठिपके दिसले. भोयरजींनी आनंदाने अख्ख्या विभागाला चहा पाजला. विभागाच्या साहेबांनी बजावलं की औषध देऊ नका, औषधाने जंत खराब होतात. दोन दिवसांत जाईलच ते, मग फाडू, आणि शोधनिबंधावर तुमचंही नाव घालू.

संध्याकाळी भोयरजी गोचिड्या काढायला बसले. मांजर चेंडूसारखं मिटलेलं. बऱ्याच वेळाने ते हळूच उलगडलं आणि त्याने शेपटी भोयरजींच्या मनगटाला गुंडाळली. भोयरजी तसेच बसून राहिले. मी घरी चला म्हटलं तर म्हणाले, "कसा येऊ गा? त्यानं धरून ठेवलं मले."

सकाळी त्यांनी त्याला जंताचं औषध पाजलं आणि जंतूंवरचं इंजेक्शनही दिलं.

मग सुरू झाली मुंग्यांची मोहीम, कारण ते दुसरं काही खाईना. भोयरजी जरीपटका वस्तीतल्या किराणा दुकानांत जाऊन साखरेच्या पोत्याखालच्या मुंग्या मागू लागले. एक दुकानदार घाबरून म्हणाला, साहेब, हवं तर साखर न्या. माझ्या बायकोच्या डब्याला मुंग्या लागल्या की ती आता वैतागत नसे, डबा झाकून भोयरजींना निरोप पाठवी. मीसुद्धा ऑफिसच्या फायली झटकून मूठभर वाळवी पुरवली. सरकारी कागद माझ्या हातून एवढा कामाला कधी आला नव्हता.

साहेब भयंकर भडकले. बाटलीत नीट भरता येईल असा एकही जंत उरला नव्हता. शोधनिबंध गेला, नाव गेलं, वर लेखी ताकीद मिळाली. ती मलाच टाईप करावी लागली. भोयरजींनी ती वाचून त्यातली शुद्धलेखनाची एक चूक तेवढी दाखवली.

महिन्याभराने वनरक्षकाच्या जीपमधून आम्ही मांजर सोडायला गेलो. एका वारुळाजवळ पोतं उघडलं. ते बाहेर आलं, थोडं थबकलं आणि डुलत डुलत झुडपांत शिरलं. मी टाळ्या पिटणार होतो, पण भोयरजींकडे बघितलं आणि हात खाली घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"बाबू," ते म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली नोकरीले. माह्या टेबलावर आलेलं जनावर आपल्या पायानं घरी जाताना मी आज पह्यल्यांदा पाह्यलं."