गजूभाऊंची तव्यातली सुरमई

अर्थसंकल्पाच्या दिवशी बोईसरजवळच्या सालवडचे गजानन तांडेल इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीपुढे बसतात. आयकराचा भाग आला की उठून चहा ठेवतात. "हा पगारदारांचा. आपला पुढं हाय." आपला म्हणजे आयात शुल्क, त्यातही परदेशी विजेच्या गाड्यांवरचं. बोईसरात ते भाषण इतका जिवाचा कान करून ऐकणारा दुसरा माणूस नसेल.

कारण त्यांच्याकडे चिनी बनावटीची विजेची तीनचाकी रिक्षा आहे. आणि ती मी विकली.

रिक्षास्टँडवर हा कर ते मासळीच्या हिशेबाने समजावतात. "अख्खी सुरमई भायेरून आनली तर कर मोठा. तुकडे आनून हितं जोडली तर लहान. का, तर जोडायचं काम आमच्या पोरांना मिळंल. बरोबर हाय. मंग एक दिवस सरकार बोलतं, तुकडेपन हितलेच पायजेत. तेपन बरोबर हाय. पन माझी सुरमई तव्यात हाय, तिचं काय?"

हे तुकडे जोडायचं काम माझ्या शेडमध्ये चालायचं. सुट्या भागांवरचा कर वाढला, सवलतीला देशी मालाची अट आली, आणि तिकडच्या पुरवठादाराने हात वर केले. मी देशी गाड्यांची एजन्सी घेतली. वारा फिरला की शीड फिरवावं लागतं. गजूभाऊंनी फिरवलं नाही.

ते कारखान्यातले निवृत्त टर्नर, लेथवर लोखंडी भाग कातणारे. चाकातला बुश मिळेना, लेथवर काढला. आरसा मोटारसायकलचा, छत होडीच्या ताडपत्रीचं. दरवर्षी दिल्लीला पोस्टकार्ड: 'महोदय, कर कमी करा, नाहीतर एक जादा कंट्रोलर पाठवून ठेवा. दोन्ही जमत नसेल तर तसं कळवा.' उत्तर कधी आलं नाही. "नाय असंपन कोनी बोललं नाय," ते म्हणतात.

गाडी बदलून घ्या, हे सांगायला मी सेल्समन पाठवला. स्वतः जायची छाती नव्हती. गजूभाऊंनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्या गाडीत मच्छीची पाटी चालंल?" तो म्हणाला, सीटला वास लागेल.

"मंग ती तुमच्या शेटलाच फिरवायला द्या."

एडवणहून एसटीने येणाऱ्या कोळणींना पाट्यांसकट फक्त गजूभाऊ बसवतात. बाकीचे रिक्षावाले लांबूनच वास घेऊन पुढे जातात.

गेल्या महिन्यात त्यांचा कंट्रोलर जळाला. मोटरला वीज मापून देणारा तो डबा. तो काही लेथवर निघत नाही. गाडी दारात उभी राहिली. आठवडाभर त्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन माझ्या दुकानावरून बाजारापर्यंत चालत गेल्या. मी काचेतून बघत राहिलो.

आता सांगून टाकतो. गजूभाऊंना गाडी विकली त्याच्या आदल्याच दिवशी मला पुरवठादाराचं पत्र आलं होतं: यापुढे गाड्या नाहीत, सुटे भागही नाहीत. शेडमध्ये दोन गाड्या उरल्या होत्या. "पार्ट मिळतील ना शेट?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "दहा वर्षं काळजी नको." दुसरी गाडी विकली नाही. लाज वाटली म्हणा, गिऱ्हाईक आलं नाही म्हणा. दोन्ही खरं आहे.

तिचाच कंट्रोलर काढून मी सालवडला गेलो. गजूभाऊ गाडीखाली आडवे होते. मी उभ्या उभ्या, एका दमात पत्राचं सांगितलं.

"वाचलेलं," खालून आवाज आला. "तुमच्या टेबलावर व्हतं. ड्रॉइंग उलट्या बाजूनं वाचायची सवय हाय मना."

"मग घेतली कशाला?"

ते हात पुसत बाहेर आले. कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला.

"मंजुळा व्हती ना संगती." मंजुळा त्यांची बायको, जन्मभर बोईसरच्या बाजारात मासळी विकली, गेल्या वर्षी वारली. "रिक्षावाले तिला बसवायच्या आधी सीटवर पेपर टाकायचे. पाटीखाली नाय शेट, तिच्याखाली. तुमी ट्रायलला बसवली तवा पेपर नाय टाकला. घरी येऊन बोलली, घ्यायची तर हीच. मंग पत्रात काय लिवलंय ते मी कशाला मनावर घेऊ?"

ते परत गाडीखाली गेले आणि तिथूनच त्यांनी पाना मागितला. मी दिला.

मंजुळाबाई त्या दिवशी बसल्या होत्या, एवढंच मला आठवतं. पेपर टाकायचं मला सुचलंच नव्हतं. सगळं लक्ष गाडी खपवण्याकडे होतं. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.