धुरीकाका आणि तीन बरोबर

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगखाली एक भाजीवाला बसतो. त्याला कुणी विचारतं "ताजी आहे का रे?", कुणी विचारतं "कशी दिली?" धुरीकाका यातलं काहीच विचारत नाहीत. पिशवीतून कालची कोथिंबिरीची जुडी काढतात, आजच्या जुडीशेजारी धरतात आणि म्हणतात, "ही आणि ती. दोन बरोबर की तीन बरोबर?"

"चाचा, सब बराबर है," भाजीवाला म्हणतो.

"सब बराबर कभी नहीं होता. दिसायला बरोबर ते दोन बरोबर. आतून-बाहेरून बरोबर ते तीन बरोबर. ये दो बराबर है." असं म्हणून काका तीच आजची जुडी घेतात.

नवीन गिऱ्हाईकं घाबरून दोन पावलं मागे सरकतात. मी सरकत नाही, कारण हे काय चाललंय ते पूर्ण बिल्डिंगमध्ये फक्त मला कळतं. मी वेबसाइट बनवते. ऑफिस साकीनाक्याला आहे, पण आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम चालतं. आणि धुरीकाका माझ्या समोरच्या दारात राहतात. सत्तरी गाठलेला हा माणूस जावास्क्रिप्ट शिकतो. वेबपेजं ज्या भाषेत चालतात ती भाषा.

या भाषेत एक गंमत आहे. पाच हा आकडा आणि अवतरणात लिहिलेलं "५", हे दोघे सारखे आहेत का, असं विचारायचं तर दोन बरोबरच्या चिन्हांनी विचारता येतं. मग भाषा म्हणते, हो, चालवून घेऊ. तीन चिन्हांनी विचारलं तर म्हणते, छे! एक आकडा, दुसरा मजकूर, सारखे कसे?

हे कळलं त्या दिवशी काका लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारात आले होते. त्यांची सगळी नोकरी बँकेत सह्या पडताळण्यात गेली. चेकवरची सही डावीकडे, खातेदाराच्या नमुना कार्डावरची उजवीकडे.

"गो मृणाल," ते म्हणाले, "आयुष्यभर मी तीन बरोबर करत होतो, आणि माका कोणी सांगूक नाय!"

तेव्हापासून ते जगाला या मापाने मोजतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगाचा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, कंत्राटदाराने नमुन्यासारखाच रंग दिलाय. काकांनी विचारलं, "सारखाच म्हणजे किती बरोबर?" सेक्रेटरी म्हणाले, "अहो, शंभर टक्के बरोबर." काका म्हणाले, "टक्के नको. दोन की तीन?" पुढचा अर्धा तास मीटिंग रंगावरून बरोबरवर गेली आणि परत आलीच नाही.

त्यांचे तास आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये चालायचे. उभ्याने. काका स्वतःचं दार अर्धवट लोटून ठेवायचे, लॅपटॉप बुटांच्या कपाटावर टेकवायचे आणि भांडायला सुरुवात करायचे. माझ्याशी नाही, भाषेशी.

"हे उद्गारचिन्ह. ह्याचा अर्थ म्हणे 'नाही'. आमच्या शाळेत आनंद झाला की उद्गारचिन्ह द्यायचे. ह्यांच्याकडे नकार देतात. आणि दोन दिली तर?"

"नाहीचं नाही. म्हणजे हो."

काकांनी दोन उद्गारचिन्हं टाइप केली. मग चेहरा उजळला. "हे आपलंच आहे की! पंगतीत 'नको नको' म्हटलं की वाढपी श्रीखंड वाढतोच!"

एकदा म्हणाले, "प्रश्नचिन्हानंतर हा विसर्ग कशाला? 'दुःख'मधला?" मी सांगितलं, तो विसर्ग नाही. प्रश्नाचं उत्तर हो आलं तर विसर्गाच्या आधीचं घ्यायचं, नाही आलं तर नंतरचं. "म्हणजे नाही आलं तर दुःखच," ते म्हणाले आणि पुढे गेले.

बेरजेवर त्यांचा फार राग. अवतरणातल्या "५"मध्ये तीन मिळवले तर ही भाषा त्रेपन्न सांगते, पण त्याच "५"मधून तीन वजा केले तर सरळ दोन सांगते. "बेरजेला पिऊन येते," काका म्हणाले, "आणि वजाबाकीला शुद्धीत. असा माणूस बँकेत असता तर वाट लागली असती."

त्यातल्या त्यात त्यांना नॅन आवडला. जे गणित जमूच शकत नाही त्याचं उत्तर म्हणजे नॅन, आणि त्याची खोड अशी की तो स्वतःच्याही बरोबर नसतो. हे ऐकून काका दिवसभर खूश होते. "आमच्या शाखेत एक खातेदार होता. त्याची सही त्याच्याच सहीशी जुळायची नाही. माझ्यासमोर बसून केली तरी नाही! मी त्याला उगाच चोर समजायचो. तो बिचारा नॅन होता."

मी एकदा विचारलं, "काका, हे सगळं शिकताय कशासाठी?"

"असाच. डोक्याक गंज चढूक नको म्हणून."

मला ते पटलं. निवृत्त माणसं काही ना काही शिकतात. कुणी बासरी शिकतं, शेजाऱ्यांचं नशीब वाईट असेल तर तबला. सुनंदाकाकूंबद्दल, म्हणजे त्यांच्या बायकोबद्दल, एवढंच ठाऊक होतं की त्या आजारी असतात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हाच त्या आजारी होत्या. दार नेहमी अर्धवट लोटलेलं, त्यामुळे मीही कधी डोकावले नाही.

मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात काका. हातात लॅपटॉप नव्हता.

"गो, जरा आत ये," ते म्हणाले. "माझ्या घरात."

आत खिडकीपाशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. चापूनचोपून बांधलेला अंबाडा, कपाळावर कुंकू, उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला. समोरच्या टेबलावर एक टॅब आणि त्याच्यापुढे चहाच्या भरल्या कपांची रांग. काहींवर सायही धरली होती.

"हिला लकव्याचा झटका आला तेव्हा वाचा गेली," काका म्हणाले. "समजतं सगळं. वाचतेसुद्धा. शब्द तेवढा बाहेर पडत नाही. आधी ही बोलायची आणि मी सह्या बघायचो. घरात माझा आवाजच नव्हता म्हण ना."

काकूंनी डोळ्यांनीच त्याला दुजोरा दिला.

टॅबवर काकांनी बनवलेलं पान होतं. रंग भडक, अक्षरं मोठी, डाव्या अंगठ्याने दाबता येतील अशी. वर प्रश्न, खाली तीन बटणं. हो. नको. रवांदे.

"अशी अॅप तयार मिळतात ना, काका," मी म्हटलं.

"बघितली. त्यातली बाई हिंदी बोलते. आणि कुठल्याच अॅपात 'रवांदे' नाही. ही वेंगुर्ल्याची. हिचा अर्धा संसार 'रवांदे'वर झाला."

त्यांनी बटण दाबून दाखवलं. टॅबमधून बाईचा आवाज आला, "रवांदे." राहू दे म्हणतानाचा तो लांबवलेला, थोडासा रुसलेला सूर.

"हिच्या बहिणीकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. आवाज हिच्यासारखाच आहे," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच किती सारखा ते त्यांनी सांगितलं नाही.

"मग अडलंय कुठे?"

"चहा!" काकांनी रांगेकडे हात केला. "चारला ही चहा घेतेच. म्हणून मी लिहिलंय, उत्तर आलं तर उत्तर घे, नाहीतर चहा समज. पण आज ही सारखी 'नको' दाबते आणि हे पान मला सारखं सांगतंय, चहा ठेवा. मी ठेवतोय. ही माझ्यावर डोळे वटारते."

मी कोड उघडला. चूक एका ओळीत होती. तिथे काकांनी दोन उभ्या दांड्या दिल्या होत्या. वाचताना त्यांचा अर्थ होतो 'किंवा': हे, किंवा नाहीतर ते.

"काका, ह्या दांड्यांचा स्वभाव असा आहे की त्यांना 'नाही' हे उत्तरच वाटत नाही. डावीकडे 'नाही' दिसलं की त्या समजतात, इथे काही नाहीच, आणि उजवीकडचं उचलतात. तुमच्या उजवीकडे चहा आहे."

काका खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी बसले.

"म्हणजे हिने नको म्हटलेलं त्याच्या कानावरच पडत नाही?"

"ऐकतं, पण मोजत नाही."

"मग ह्यात भाषेचा दोष काय," ते हळू म्हणाले. "मीपण असाच. दादरला राहू नको म्हणाली, राहिलो. मग तिथली खोली विकू नको म्हणाली, ती विकताना मला ते नको ऐकूच आलं नाही. ही शिवणाच्या क्लासला शिकवायची. मी म्हटलं, ते सोड, घर बघ. ही नको म्हणाली होती. मोठ्याने म्हणाली होती."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मी कोडकडे बघितलं. दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"दांड्यांच्या जागी दोन प्रश्नचिन्हं द्या," मी म्हटलं. "ती फक्त एवढंच विचारतात, उत्तर आलंच नाही का? नसेल आलं तरच उजवीकडे जातात. 'नको' आलं तर ते 'नको'च राहतं."

काकांनी चष्मा लावला, एका बोटाने कळा शोधत दांड्या पुसल्या, प्रश्नचिन्हं दिली. मग थांबले. "आणि रवांदे? मी ते रिकामं ठेवलंय. हो पण नाही, नको पण नाही."

"मग तेही उजवीकडे जाणार. चहा येईल."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "रवांदे म्हटलं की चहा ठेवायचा, पण आपल्यासाठी म्हणून ठेवायचा. मग ही त्यातला अर्धा घेते."

काकूंच्या ओठांचा एक कोपरा वर गेला.

पान पुन्हा उघडलं. प्रश्न आला: चहा घेणार? काकूंनी अंगठा उचलला, काकांकडे नीट बघितलं आणि दाबलं. "नको," बहिणीचा आवाज म्हणाला. पडद्यावर अक्षरं आली: बरं.

काकू त्या 'बरं'कडे बघत राहिल्या. मग त्यांना जोर आला. पंखा हवा? नको. काकांनी उठून पंखा बंद केला. टीव्ही? नको. टीव्ही बंद. खिडकी उघडी ठेवू? नको. खिडकी बंद. आम्ही तिघंही घामाने निथळत होतो, आणि काका दर वेळी खुशीत "बरं, बरं" म्हणत घरभर धावत होते. मी हसायला लागले. काकूंच्या छातीतूनही एक घरघर आली. ते हसणंच होतं हे कळायला मला एक क्षण लागला.

शेवटी काका दमून त्यांच्यासमोर उभे राहिले. "सुनंदा, आता मी इथे बसू, की ह्या पोरीला दारापर्यंत सोडून येऊ?"

काकूंनी दाबलं. "नको."

काका गोंधळले. "बसू नको की जाऊ नको? गो मृणाल, एका ओळीत दोन प्रश्न विचारले मी. हे कसं लिहायचं?"

मी काही सांगणार, इतक्यात काकूंनी टॅब बाजूला सारला आणि डाव्या हाताने काकांच्या सदऱ्याची बाही धरली.

माझी मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.