अकरा मिनिटांत अपूर्णांक

दिव्यानी दिघोरे हिला गणित शिकवता येत होतं, आणि तिच्या अडचणींची सुरुवात तिथूनच झाली.

सिंदेवाहीच्या एका खाजगी शाळेत ती आठ वर्षं तासिका तत्त्वावर होती. तासिका तत्त्व म्हणजे शाळेला शिक्षक हवा असतो, पण तो असल्याचं कागदाला कळू द्यायचं नसतं. तिच्या वर्गातलं पोर गणितात नापास झालेलं पाच वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. तिचे वडील वारलूभाऊ तलावावर मासे धरायचे आणि पोरगी मास्तरीण आहे असं भेटेल त्याला सांगायचे. "परमनंट झाली का?" असं कोणी विचारलं की जाळं सोडवायला बसायचे.

अशात चंद्रपूरच्या विंटरब्रूक इंटरनॅशनल स्कूलची जाहिरात आली. मे महिन्यात सेहेचाळीस अंशांवर तापणाऱ्या शहरात शाळेचं नाव विंटरब्रूक का, हे एकाही पालकानं विचारलं नव्हतं. पोरांना ब्लेझर घालावा लागतो, यातच सगळे खूश होते. इमारत पूर्वी मंगल कार्यालयाची होती. नवरा-नवरीच्या स्टेजवर आता इनोव्हेशन लॅब भरत असे.

दिव्यानीनं साधा सरळ अर्ज केला. बी.एस्सी., बी.एड., टीईटी पास, नऊ वर्षांचा अनुभव, निकाल शंभर टक्के. वीस मिनिटांत उत्तर आलं: 'आपल्या अर्जात जागतिक दृष्टिकोनाचा अभाव आढळतो. तसेच निकालाचा उल्लेख आमच्या मूल्यांशी सुसंगत नाही.'

तिचा मावसभाऊ विक्की बसस्टँडजवळ ऑनलाइन सेंटर चालवायचा. पीकविम्यापासून जात पडताळणीपर्यंत अर्ध्या तालुक्याचे अर्ज त्याच्या बोटांखालून गेले होते. त्यानं दिव्यानीचा अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, तू काऊन असं लिहून राह्यली? हे तर सगळं समजून राह्यलं!"

"मंग काय खोटं लिहू?"

"एक अक्षर खोटं नाई लिहाचं. खरंच लिहाचं, पण आपल्याच गावच्या माणसाले ओळखू नाई आलं पाहिजे. सांग, सिरोंच्याले होती तवा काय काय केलं?"

सिंदेवाहीच्या आधी सिरोंच्याकडच्या एका शाळेवर ती एक वर्ष होती. चार वर्ग एकाच खोलीत बसायचे. विक्कीनं टाइप केलं, 'मल्टी-एज कोलॅबोरेटिव्ह लर्निंग.' खोलीवरचे पत्रे वादळात उडाल्यावर शाळा मोहाच्या झाडाखाली भरली, ते 'ओपन-एअर कॅम्पस' झालं. वीज नव्हती, म्हणून 'स्क्रीन-फ्री क्लासरूम.' अर्धी पोरं तेलुगू बोलायची आणि आठवडी बाजाराला ती स्वतः नावेनं नदीपलीकडे तेलंगणात जायची. इथे विक्कीनं बोटं मोडली आणि लिहिलं, 'नियमित क्रॉस-बॉर्डर एंगेजमेंट.'

"हे मी हाव?" दिव्यानीनं स्क्रीनकडे पाहत विचारलं.

"तूच हाय. फक्त धुऊन काढली."

दुसऱ्याच दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला दोघं होते. एक शाळेचे संचालक धनराजसर, ज्यांचं पूर्वी ते मंगल कार्यालय होतं. दुसऱ्या, अकॅडमिक हेड रीना मॅडम. त्या बल्लारपूरच्या होत्या, पण दुबईला सहा महिने राहून आल्यापासून त्यांना 'ळ' म्हणता येत नव्हता.

सहावीच्या वर्गावर चाळीस मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा होता. विषय अपूर्णांकांची बेरीज. दिव्यानीनं इंग्रजीत सुरुवात केली. पोरं नम्रपणे बघत राहिली. न समजता नम्र कसं बसायचं, हे त्यांना नर्सरीपासून शिकवलेलं होतं. मग तिनं फळ्यावर एक मोठा मरळ मासा काढला आणि तिच्या नकळत तिच्या तोंडून निघालं, "हा मासा तीन घरी वाटाचा हाय. एका घराले अर्धा, दुसऱ्याले पाव. तिसऱ्याले किती?"

वर्ग जागा झाला. मागच्या बाकावरून कोणी ओरडलं, "पाव! पण शेपटीकडचा नाई पाहिजे!" अकराव्या मिनिटाला अख्खा वर्ग भराभर गणितं सोडवत होता.

रीना मॅडमचा चेहरा मात्र उतरला.

"मिस दिघोरे, मुलांना अकरा मिनिटांत समजलं."

"हो मॅडम."

"मग उरलेल्या एकोणतीस मिनिटांत त्यांनी शोध कसला घ्यायचा? आमच्याकडे मूल प्रश्नासोबत राहतं. कधी कधी वर्षभर राहतं. तुम्ही उत्तर देऊन त्याचा प्रवासच संपवलात."

घरी दारात वाट बघत उभे असलेले वारलूभाऊ दिव्यानीच्या डोळ्यांसमोर आले. तिनं पर्स उचलली. तेवढ्यात अर्ज चाळणारे धनराजसर थबकले.

"हे क्रॉस-बॉर्डर म्हणजे? व्हिसा वगैरे लागत होता का?"

"नाही सर. नावेत बसलं की जाता यायचं."

धनराजसरांनी रीना मॅडमकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. व्हिसाशिवाय सीमा ओलांडणारी शिक्षिका जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही इंटरनॅशनल शाळेकडे नव्हती. निवड जागीच झाली. अटी दोनच होत्या. नाव 'मिस डायना' लावायचं आणि वर्गात मासा काढायचा नाही.

बातमी ऐकून वारलूभाऊंनी त्या दिवशीचे सगळे मासे शेजाऱ्यांना वाटून टाकले. मग हळूच विचारलं, "बाई, तिथी पोरं कोणकोणत्या देशातले हायेत?"

"भद्रावतीचे, बाबा. थोडे राजुऱ्याचे."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "आपलेच हायेत."

पहिल्या महिन्यात मिस डायनाला दोन ताकिदी मिळाल्या. पहिली, दशांश चिन्ह एका दिवसात समजावल्याबद्दल. दुसरी जास्त गंभीर होती. सहावीतल्या एका मुलानं घरी जेवताना आईला मराठीत त्रैराशिक समजावून सांगितलं होतं, आणि ते आईलाही समजलं होतं. शाळेला तक्रारीचं पत्र आलं. 'आमच्या पाल्यास वर्गात मराठीतून समजावले जात असल्याचे निदर्शनास आले आहे. अशा समजण्यासाठी आम्ही येथे प्रवेश घेतलेला नाही.' खाली सत्तावीस पालकांच्या सह्या होत्या.

दिव्यानी रडली नाही. शिकलेली बाई होती, तिनं हेही शिकून घेतलं. फळ्यावर गणित लिहायचं, हसायचं आणि विचारायचं, "हाऊ डू यू फील अबाउट धिस?" पोरं रंगीत कागदावर आपापल्या भावना चिकटवायची. शून्याबद्दल कोणाला एकटं वाटायचं, भागाकाराबद्दल कोणाला राग यायचा. दिवाळीपर्यंत वर्गातल्या एकालाही पाढा म्हणता येईना. रीना मॅडमनं तिला 'फॅसिलिटेटर ऑफ द इयर' जाहीर केलं. ती ट्रॉफी घेऊन ती चंद्रपूरच्या तुकूम भागातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर आली, कॉटवर बसली, आणि आपल्याला नेमकी कशाची लाज वाटते आहे हे तिला बराच वेळ ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, तिच्या तुकूमच्या खोलीचं दार वाजलं. बाहेर धनराजसर उभे होते, सोबत त्यांची पोरगी रिंकू. वह्या पिशवीत लपवलेल्या. सरांचं इंग्रजी गाडीतच राहिलं होतं.

"मॅडम, पोरीले जरा शिकवा ना. पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"तो मासा काढून." त्यांनी मागे वळून रस्ता पाहिला. "शाळेत इंटरनॅशनल व्हाचं, ते ठीक हाय. पण दहावीत पास बी तर व्हावं लागते ना!"

दिव्यानीनं रिंकूकडे पाहिलं. पोरगी चटईवर जाऊन बसलीही होती. दिव्यानीनं खडू शोधला.

आठवड्याभरात जागा पुरेनाशी झाली. गाड्या दोन गल्ल्या अलीकडे उभ्या राहू लागल्या. पोरं ब्लेझर काढून यायची, मराठीत भांडायची, मराठीत समजून घ्यायची आणि उजेड आहे तोवर पांगायची. सकाळी तेच पालक तिला शाळेच्या फाटकाशी 'गुड मॉर्निंग, मिस डायना' म्हणत आणि ओळख दाखवत नसत.

तक्रारीच्या पत्रावर सत्तावीस सह्या होत्या, आणि शिकवणीच्या वहीत, रिंकूचं सोडून, अठ्ठावीस पालकांची नावं आहेत. पहिली सत्तावीस तीच. अठ्ठाविसावं कोणाचं, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटायचं काही कारण नाही. परवा दुपारी फोन करून तुम्हीच तर विचारलंत, "मॅडम, मराठीत समजावून सांगाल ना? आमचं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका."

या गोष्टीत तुमचं नाव आलेलं नाही. सोमवारपासून पाठवा.